नानांच्या गाडीचा पिवळा दिवा

"अगं ए, कॉलेजला निघालीस का? जरा कुंपणापाशी ये. समोरच्या नानांनी सकाळी गाडी सुरू केली, तो धूर बघितलास? गच्चीतले पापड उचलून आत न्यावे लागले मला."

"बघितला ना मावशी. मीटरमध्ये पिवळा दिवाही लागलाय त्यांच्या. इंजिनाचं चित्र असतं ना, तो."

"तो तर दिवाळीतही लागला होता. आपोआप गेला म्हणत होते."

"आपोआप कसला! नाक्यावरच्या गॅरेजमधल्या पोराने बॅटरीची वायर काढून परत जोडली. कोड पुसला गेला, दिवा विझला, नाना खूश. आत बिघाड तसाच. काल शेवटी मीच स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात यंत्र खोचलं की मोबाइलवर कोड दिसतो. पी०४०२ आला."

"मला मेलीला काय कळणार त्यातलं?"

"ईजीआर व्हॉल्व्हचा दोष. सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर हा व्हॉल्व्ह परत इंजिनात सोडतो."

"धूर परत आत? हे कुठलं शहाणपण!"

"आमची पोरंही पहिल्या वर्षाला हेच विचारतात. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून आतलं जळण फार तापत नाही. फार तापलं की हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड होतात, आणि ते छातीला वाईट. नानांच्या बीएस-४ डिझेलला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीला फक्त ८०."

"मग बिघडलं कशाने? गाडी तर फुलासारखी जपतात. बायकोला शेजारी बसवताना आधी तिच्या चपला झटकायला लावतात!"

"जपतात तेच नडलं. मंडई नाहीतर मारुतीचं देऊळ, इंजिन धड तापेपर्यंत घरी. डिझेलची काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र झाली की स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळीवर धरतो तसा चिकट थर बसतो. झडप अर्धवट उघडीच अडकते. मग नको तेव्हाही धूर आत, ताजी हवा कमी, डिझेल अर्धकच्चं जळतं. पिकअप जातो आणि तुमचे पापड काळे."

"सर्व्हिस सेंटरवाले तर अख्खा व्हॉल्व्ह बदला म्हणाले त्यांना. आकडा ऐकून नानांनी चहासुद्धा अर्धा ठेवला."

"मोटर जळली असेल, वायर तुटली असेल, तर कितीही घासून उपयोग नाही, हे खरं. पण सर्किटच्या दोषाला बहुतेक पी०४०३ येतो. नानांचा तो नाही. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, कनेक्टर सोडवायचा, बोल्ट काढून व्हॉल्व्ह बाहेर. मग कार्ब क्लीनर आणि जुना टूथब्रश. आमच्या वर्कशॉपमध्ये मागे एक उघडला होता, तोंडात करंगळी जाईना इतकी काजळी. स्प्रे मोटरच्या बाजूला उडू द्यायचा नाही आणि स्क्रूड्रायव्हर घालून झडप रेटायची नाही, आतले गिअर तुटतात. ज्या पाइपातून धूर येतो तोही पुसायचा, आणि पॅकिंग नवीनच टाकायचं. जुनं वाचवायला जाल तर तिथून गळणार."

"आणि दिवा?"

"स्कॅनरने पुसायचा. काही गाड्यांना झडप बंद कुठे नि उघडी कुठे, हेही स्कॅनरनेच नव्याने शिकवावं लागतं. दुरुस्ती खरी झाली असेल तर न पुसताही जातो: लागोपाठच्या तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की गाडीच तो विझवते. नानांचं 'आपोआप' तेव्हा खरं ठरेल."

"ते कसले साफ करतात! कोणीतरी सांगितलंय त्यांना, पत्र्याची चकती घालून व्हॉल्व्हच बंद करून टाका. पाचशे रुपयांत काम."

"अगंबाई! हे मला नाही सांगितलं त्यांनी."

"तू ओरडशील म्हणून. पण पीयूसीत पकडतील की नाही?"

"नाही ना! डिझेलच्या पीयूसीत धूर किती दाट तेवढंच बघतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. चकती घातली की काळा धूर उलट कमी होतो, गाडी ऐटीत पास. पापड पांढरे राहतील मावशी, पण न दिसणारा तो वायू गल्लीभर. तुमचा दमा आहेच."

"मग मीच बघते नानांकडे. माझ्या पुढ्यात नाही म्हणायची टाप नाही त्यांची."

"सांगाच. चकती अजिबात नको, साफ करून घ्या म्हणावं. मी शनिवारी मोकळी आहे, हवं तर उभी राहते. आणि रविवारी गाडी जेजुरीला काढा म्हणावं, तुम्हालाही नेतील. दिवे घाट तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढली तर काम झालं असं समजा."