चोरबीटीचा सर्वमान्य तोडगा

जनुकीय पिकांचा वाद आपल्याकडे मिटत नाही म्हणून काही विद्वान कष्टी असतात. ही मंडळी जूनमध्ये वऱ्हाडात फिरकत नसावीत. तिथे वाद केव्हाच मिटला. तोडग्याचं नाव चोरबीटी.

तणनाशक मारलं की तण जळतं आणि पऱ्हाटी उभी राहते, असं हे कपाशीचं बियाणं. त्याला सरकारी मान्यता नाही. मान्यतेसाठी केलेला अर्ज कंपनीनेच २०१६ साली मागे घेतला. म्हणजे कागदोपत्री हे बियाणं देशात नाही. वावरात मात्र ते डोलतं आहे.

आता बघा, नाराज कोण आहे? विरोधकांना बंदी हवी होती, ती आहे. समर्थकांना तंत्रज्ञान हवं होतं, ते अंधार पडल्यावर घरपोच येतं. परदेशी कंपनीला रॉयल्टी नको, असं म्हणणाऱ्यांनी तर पेढे वाटावेत. यातला एक रुपया तिला जात नाही. कृषी खात्याला हंगामात दोन-चार छापे घालून जप्त पाकिटांमागे ओळीने उभं राहता येतं. मान्यताप्राप्त बीटीच्या पाकिटाचा कमाल भाव दिल्ली ठरवते, २०२४ ला तो ८६४ रुपये होता. चोरबीटीचा भाव ठरवायचा त्रास दिल्लीला नाही. शेतकऱ्याने बिल मागितलंच, तर उत्तर तयार असतं : “याचं बिल नसते भाऊ.” बिल नाही म्हणजे उगवण झाली नाही तरी तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे शेतकरी समाधानी.

हा तोडगा मोडायचा प्रयत्न एकदा झाला. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने हेच बियाणं जाहीर कार्यक्रम करून लावलं. गुन्हे दाखल झाले. होणारच! जे काम शेजारपाजारचे गुपचूप, शिस्तीत करत होते, ते यांनी भरदिवसा, माणसं जमवून केलं.

कंपनीच्या दावणीतून सुटण्याचा एक सरकारी मार्गही निघाला होता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ज्याच्या निर्मितीत सहभागी होती, ते स्वदेशी ‘बिकानेरी नरमा बीटी’ २००९ मध्ये बाजारात आलं. संकरित नव्हे, सरळ वाण. घरची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरा, दुकानाची पायरी चढू नका. उत्तम! पुढे त्या स्वदेशी बियाण्यात त्याच परदेशी कंपनीचं, मोन्सँटोचं, जनुक सापडलं आणि विक्री गुंडाळावी लागली. हल्ली गावोगावच्या चोरबीटीवाल्यांना लोक नावं ठेवतात, तेव्हा त्यांच्यावर जरा अन्याय होतो असं मला वाटतं.

तर शेतकरी आता कोणावर अवलंबून आहे? कंपनीवर नक्कीच नाही. तो बिनबिलाच्या पाकिटावर आहे, ते आणणाऱ्या पोराच्या शब्दावर आहे आणि वर तणनाशकाच्या डब्यावर आहे. डब्याचं मात्र बिल मिळतं.

राहता राहिल्या निंदायला जाणाऱ्या बाया. तणनाशकाने त्यांची मजुरी गेली म्हणावं, तर निंदायला बायाच मिळत नाहीत म्हणून हे बियाणं लावतो, असं शेतकरी सांगतो. खरं काय ते बायांनाच विचारता आलं असतं. पण चर्चासत्रं भरतात शहरात, तीही कामाच्या दिवशी, आणि आयोजक रोज बुडाल्याची भरपाई देत नाहीत. त्यामुळे त्यांची हरकत कोणत्याही इतिवृत्तात नोंदलेली नाही.