त्या आजींचा पत्ता द्या

तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या भाऊंना खुलं पत्र

भाऊ,

तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही. आपण एकाच भागातली माणसं, उद्या बाजारात समोरासमोर यायचं आहे. पण पत्र वाचलं की तुमचं तुम्हाला कळेल. दुकानाबाहेर पाटी लावलीत, ‘सर्व विषयांचे प्रोजेक्ट करून मिळतील’. तुम्हालाच लिहितेय.

माझी मुलगी अकरावीला आहे, सायन्सला. पर्यावरण शिक्षणाचा प्रकल्प करायचा होता. विषय ठरला, ‘भूकंप आणि माझे गाव’. सास्तूरच्या लेकराला यापेक्षा जवळचा विषय कोणता असणार? तिनं माझ्याकडून एकशेवीस रुपये नेले आणि संध्याकाळी तुमच्याकडची वही घेऊन आली. गुलाबी कव्हर, स्पायरल बाइंडिंग, पानापानाला वेलबुट्टीची चौकट. तीन तासांत सोळा पानं. स्वयंपाक झाल्यावर मी ती वाचायला घेतली.

पहिली तीन पानं बरोबर होती, हे कबूल करते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, जवळजवळ 10 हजार माणसं गेली, 52 गावं दुसरीकडे वसवावी लागली. एवढं तर इथलं कुणीही सांगेल. सातव्या पानावर मात्र लिहिलं होतं की सास्तूरच्या लोकांनी सायरन ऐकताच मोकळ्या मैदानाकडे धाव घेतली.

कसला सायरन, भाऊ? आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. गाव झोपेत असतानाच वरचं खाली आलं. सायरन वाजला असता तर आज आमच्या घरात एक माणूस जास्त असतं.

अकराव्या पानावर मुलाखत होती. ‘भूकंपग्रस्त आजींचे मनोगत’. आजींचं नाव, आडनाव, वय, सगळं छापलेलं. त्या म्हणतात, निसर्गापुढे मानव हतबल आहे, तरीही आम्ही जिद्दीने उभे राहिलो. मी या गावात सून म्हणून येऊन वीस वर्षं झाली. त्या नावाची बाई या गावात नाही. सासूबाईंना विचारलं, भूकंपाच्या आधीही नव्हती. मग मुलीच्या मैत्रिणींच्या वह्या मागवल्या. तुमच्याकडून नेलेल्या आणखी चार वह्या निघाल्या. चारही वह्यांत तेच मनोगत होतं. आजींचं आडनाव तेवढं बदललेलं.

मला त्या आजींचा पत्ता द्या. खरंच द्या. ज्या बाईनं भूकंप सोसला आणि पाच लेकरांना मुलाखत दिली, तिच्या पाया पडायला मी साडी-चोळी घेऊन येते. आणि पत्ता देता येत नसेल, तर त्या बाईचे तुम्ही पाच वेळा पैसे घेतलेत, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही मुलीला म्हणालात म्हणे, “मी काय केलं? एआयला विचारलं, त्यानं सांगितलं ते छापलं.” हे यंत्र चालतं कसं, ते मुलीनंच मला समजावलं. त्यानं जगभरचा लिहिलेला मजकूर वाचून ठेवलेला असतो. एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते वाक्य पुढे नेतं. किल्लारीच्या भूकंपावर लिहिलेलं भरपूर आहे, म्हणून तारीख आणि वेळ अचूक आली. सास्तूरवर लिहिलेलं थोडं, आणि इथल्या म्हाताऱ्यांच्या मनातलं तर कुणीच लिहून ठेवलेलं नाही. तिथं यंत्राकडे काही नव्हतं, तेव्हा शोभेल असं घातलं. भूकंप म्हटल्यावर सायरन शोभतो, आजी म्हटल्यावर जिद्द शोभते. यंत्राला सास्तूर ठाऊक नाही, त्याच्यावर माझा राग नाही. तुम्ही इथंच जन्मलात. ‘सायरन’ हा शब्द छापताना तुमचा हात थांबायला हवा होता. थांबला नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला आहे.

आणि ज्या शिक्षकांनी मैत्रिणींच्या त्या वह्यांवर न वाचता लाल पेनानं सही ठोकली, त्यांनाही.

एक गोष्ट माझ्याकडूनही चुकली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. वीस वर्षं मी सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकले, शेत शिकले, पण त्या रात्रीचं मी त्यांना कधी नीट विचारलं नव्हतं. त्यांना त्रास होईल म्हणून टाळलं. खरं तर ऐकायचा मलाच धीर नव्हता. तुमची वही बंद करून मी मुलीपुढे टाकली आणि म्हटलं, आजी शेजारच्या खोलीत जागी आहे, जा आणि विचार.

ती गेली. मला वाटलं, सासूबाई रडतील. त्या आधी मातीबद्दल बोलल्या.

“त्या साली दोन गाड्या पांढरी टाकल्ती माळवदावर. गळत व्हतं म्हणून. माझ्याच डोक्यावरून पाट्या नेल्त्या मी.”

माळवद काय असतं ते आताच्या लेकरांनी पाहिलेलं नाही. तुमच्या वहीत ‘कच्ची घरे’ एवढे दोनच शब्द होते. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दर दोन-चार वर्षांनी पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती पडायची आणि जुनी कुणी काढायचं नाही. आज्यानं टाकलेल्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर लेकाची. असं करत थर हातभर जाड व्हायचा.

मुलीनं विचारलं, “हातभर म्हणजे किती?” सासूबाईंनी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात धरून दाखवला. मुलीनं टेप लावला, दीड फूट भरला. खोली दहा हात लांब, आठ हात रुंद. म्हणजे पंधरा बाय बारा फूट. वरची माती 270 घनफूट.

मग तिनं तुमच्याच त्या एआयला मोबाइलवर विचारलं, सुक्या मातीचं वजन किती असतं. त्यानं आकडा दिला. पण सायरनवाल्यावर विश्वास कोण ठेवणार? ती दहा लिटरची बादली घेऊन पांढरीच्या जुन्या जागेवर गेली, माती ठोकून ठोकून बादली भरली आणि किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर ठेवली. बादली वजा करून 16 किलो. यंत्राचा आकडा त्याच्या जवळपासच होता. या वेळी त्यानं बरोबर सांगितलं होतं, तेही तिनं वहीत लिहिलं. 270 घनफूट म्हणजे सुमारे 765 बादल्या. बारा टनांच्या वर.

एका खोलीवर बारा टन, भाऊ. झोपलेल्या माणसांच्या वर.

हे गणित मांडल्यावर ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग आजीजवळ जाऊन तिचे हात हातात घेतले. ज्या हातांनी ती माती वर नेली होती, ते हात. तेव्हा सासूबाई रडल्या. सात वर्षांची त्यांची लेक, माझ्या मुलीची आत्या, त्या मातीखाली गेली होती. माझ्या मुलीनं आत्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती एका म्हाताऱ्या गवंड्याकडे गेली. भूकंपानंतर नवी घरं बांधायच्या कामावर ते होते. त्यांनी अंगणात दगड मांडून भिंत दाखवली. जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, दिसायला किल्ल्यासारखी. पण आत दोन वेगळ्या भिंती. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मध्ये फुटके दगड आणि चिखल. आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत जाणारा लांब दगड कुठेच नाही. धक्का बसला की दोन्ही तोंडं एकमेकांना सोडून फुगतात, मधला दगड खाली सरकतो आणि भिंत ढासळते. लाकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला होता. सासूबाई अशाच एका खांबाच्या आणि तुळईच्या कोपऱ्यात सापडल्या, दुपारी. नंतरच्या बांधकामात भिंतीत लांब दगड आणि दारा-खिडक्यांच्या वरून सिमेंट-सळईचा सलग पट्टा का घालायला लावला, ते तिला त्या चार दगडांवरून कळलं. तुमच्या सोळा पानांत ‘भूकंपरोधक तंत्रज्ञान’ हा शब्द नऊ वेळा आहे. लांब दगड एकदाही नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, जग पुढं चाललंय, तुम्ही तंत्रज्ञानाला नावं ठेवता. अजिबात नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. लेकरांनी मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांत वाटायचं जाहीर केलं. त्यांच्या हातातही मोबाइलच होता. त्यांनी तो लेकराला शिकवायला वापरला. तुम्ही तो लेकराऐवजी वापरलात.

माझ्या मुलीलाही एआय हवंच आहे. इंग्रजीतलं विज्ञान तिला समजत नाही, ते ती मराठीत विचारून घेते. रात्री दहा वाजता भौतिकशास्त्रातलं गणित अडलं तर या गावात कुणाचं दार वाजवणार? लातूरला क्लास लावायची आमची ऐपत नाही. तिला यंत्रानं पायरी दाखवली तर मी त्याला दुवा देईन. पण पायरी तिनं चढायला हवी. शिकायचं लेकरानं आणि घाम यंत्रानं गाळायचा, हे होत नाही. बादली भरताना तिच्या तळहाताला फोड आला. तो फोड आणि बारा टन हा आकडा आता तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. परीक्षेनंतरही नाही.

अजून एक सांगते, ते तुमच्या धंद्याच्या दृष्टीनंही ऐका. ही यंत्रं लिहिलेलं वाचूनच शिकतात. आज तुमच्या वहीतला सायरन कुणी लेकरानं कुठं तरी टाकला, उद्या दुसऱ्यानं तो उचलला, तर परवा यंत्र तो खरा म्हणून सांगेल. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यातली किती माणसं आता उरली? तेव्हा विशीत असलेली बाई आज पन्नाशी ओलांडून गेली. चाळिशीतली माणसं सत्तरीच्या पुढे. दर पावसाळ्यात चार-दोन जातात. ती गेल्यावर सास्तूरला काय झालं होतं हे जगाला कुणाकडून कळेल? तुमच्या त्या नसलेल्या आजींकडून?

मुलीनं प्रकल्प पुन्हा लिहिला. हातानं, बावीस पानं. आजीनं सांगितलेलं जसंच्या तसं, ‘टाकल्ती’ आणि ‘नेल्त्या’सकट. गवंडीबाबांनी मांडलेल्या भिंतीचं चित्र. बादलीचं गणित. शेवटी एका पानावर, तुमच्या वहीत काय काय चुकलं होतं ते. तुमचं नाव तिनंही घातलेलं नाही.

उद्या ती तुमच्या दुकानात येईल. बावीस पानांच्या दोन प्रती काढून द्या, एक कॉलेजला आणि एक घरात ठेवायला. झेरॉक्सचे जे होतील ते पैसे घ्या. स्पायरल करा, पण आत एक अक्षर बदलू नका, वेलबुट्टीची चौकटही नको. पहिल्या वहीचे एकशेवीस रुपये मला परत नकोत. त्या आजींच्या नावाची फाइल तेवढी तुमच्या कॉम्प्युटरमधून काढून टाका, तिच्यासमोर.

आणि तुमच्या आई अजून आहेत ना? सासूबाई म्हणत होत्या, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दोघी शेजारी होत्या. पावसात पत्रा वाजायचा म्हणून रात्ररात्र बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, ते तिला विचारा, तिच्या लक्षात असंल. मुलीला त्यांच्याशी बोलायचं आहे. रविवारी चार वाजता घरी असाल तर दोघी येतो. तुम्हीही बसा ऐकायला.

तुमची गिऱ्हाईक,
अकरावीतल्या एका मुलीची आई
सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव