खाल्ल्या घरचे वासे कसे मोजावेत?

बिनखर्चाचे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे काम हल्ली फार ढिसाळपणे केले जाते. म्हणून नवशिक्यांसाठी थोडे मार्गदर्शन.

१. वेळ : जेवणाआधी मोजू नये. न खाल्लेल्या घरचे वासे मोजणाऱ्याला सुतार म्हणतात. मठ्ठ्याची वाटी रिकामी होईपर्यंत नजर पानातच असावी.

२. जागा : कोकणातले कौलारू घर सर्वोत्तम. जेवण झाल्यावर ओटीवर पथारी मागावी आणि उताणे पडावे. यजमानाला वाटते, पाहुणा सुस्तावला.

३. ओळख : माथ्यावर लांबीभर जाते ते आढे. त्यावरून दोन्ही अंगांनी भिंतीकडे उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रीपा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासूनची मंगळुरी कौले या रिपांवर अडकतात. चुकून रीपा मोजल्या तर आकडा फुगतो आणि यजमान श्रीमंत ठरतो. आपला हेतू तो नाही.

४. मोजणी : दुपाखी घरात एका पाख्याचे वासे मोजून दुप्पट करावी. चौपाखी घरात कोनवासे आणि त्यांना येऊन मिळणारे आखूड वासे हमखास सुटतात. अशा घरी पुन्हा जेवायला जावे.

५. शेरा : नुसता आकडा कुणी ऐकत नाही. वासा सागाचा असल्यास ‘वाडवडिलांची पुण्याई, यांचे काय त्यात?’ माडाचा असल्यास ‘सागाची ऐपत कुठली!’ बांबूचा असल्यास घर दोन खणांचे असले तरी ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणावे. वाशाखाली पिठासारखा भुसा सांडलेला दिसला, तर लाकूड आतून पोखरले जाते आहे. हे यजमानाला सांगितले तर तो वेळीच औषध मारून घेईल. म्हणून शेजाऱ्याला सांगावे.

६. फ्लॅट : स्लॅबला वासे नसतात. पीओपीतले दिवे मोजावेत आणि सुपारी कातरता कातरता कर्जाचे हप्ते किती उरलेत ते विचारावे.

७. दक्षता : घर फिरले की घराचे वासेही फिरतात. यजमानाची नोकरी गेल्याचे कानावर आल्यास जुनी मोजणी रद्द समजावी.

८. स्वसंरक्षण : आपल्याकडे कार्य निघाले तर पंगत अंगणातच घालावी. मांडवाचे बांबू भाड्याचे असतात. ते खुशाल मोजू द्यावेत.