तमाम लोकांस कळविण्यात येते की

तमाम लोकांस कळविण्यात येते की, उंबरमाळीतल्या एका आजींच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, एक जाहीर नोटीस सापडली आहे. एका कोपऱ्यावर उंदराने लेखी हरकत नोंदवली आहे, बाकी मजकूर शाबूत. अमुक गट नंबरची जमीन आमचे अशील खरेदी करणार आहेत. कोणाचा हक्क, गहाण, दान, वहिवाट असेल तर १४ दिवसांचे आत कळवावे, नाहीतर तो हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल.

१४ दिवस कुठल्या तारखेपासून? तारीख पानाच्या डोक्यावर असते, आणि पेटीच्या मापात बसावं म्हणून आजींनी डोकंच कापलेलं.

"आजी, पेपर कुठनं आला?"

"सुकट बांधून आलेली, खर्डीच्या बाजारातनं."

म्हणजे नोटीस बजावली गेली, फक्त सुकटीच्या हस्ते. कायद्याचा यावर आक्षेप नसावा. समन्स हाती पडत नसेल तर ते त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापा, असं कोर्ट सांगू शकतं, आणि मग ते माणसाच्या हातात दिल्याइतकंच पक्कं, असं दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यालाही दोन दैनिकं लागतात, पैकी एक स्थानिक भाषेतलं. आमच्या पाड्यांवर दैनिक खपतं, यात वाद नाही. किलोवर खपतं. तानसा-भातसाचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि मुंबईचा पेपर परतीच्या वाटेने इकडे येतो, रद्दी होऊन. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. त्याला मात्र सुकट लागली नाही.

बरं, छापलेला पेपर जपायचा कोणी? १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. १९५६ साली त्यात वर्तमानपत्रंही आली. प्रकाशकाने अंकाची प्रत ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची; त्यातलं आपल्याला जवळचं मुंबईत. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत. उंबरमाळीहून मुंबईला जाऊन जुना अंक शोधायचा तर एका दिवसाची मजुरी बुडते, ती याहून जास्त. आणि शोधणार कसा? तारीख पेटीबाहेर राहिलेली.

दुसरीकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने सोय करून ठेवलेली होती, की वर्तमानपत्र पुढे आलं तर ते अस्सल आहे असं कोर्टाने धरून चालावं. पुढे आलं तर! अभिलेखकक्षात कागदांना वर्ग असतात: अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, आणि उतरत उतरत ड वर्ग एका वर्षाचा. ज्या पेपराच्या जोरावर जमीन इकडची तिकडे होते, तो यातल्या कुठल्याच वर्गात नाही. त्याचा वर्ग रद्दीवाला ठरवतो, तागडी हातात धरून. माझी शासनास नम्र सूचना आहे की तालुक्यातल्या रद्दीवाल्यांना मानद अभिलेखपाल नेमावं. कामाचा अनुभव आहे, जागा स्वतःची आहे, आणि जुनं मागितलं तर "साहेब मीटिंगला गेलेत" असं ते सांगत नाहीत.

पूर्वी निदान वडापावचा आधार होता. गाडीची वाट बघता बघता माणूस तेलकट कागद वाचायचा, त्यात कधी चुलत्याचं नाव सापडायचं. अन्नसुरक्षावाल्यांच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी तीही वाट बंद केली. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायचे नाहीत. शाई पोटात जाते. नियम योग्यच आहे. फक्त शाई डोक्यात जाण्याचा आमच्याकडचा तो एकमेव मार्ग होता. (सुकट अजून नियमाला दाद देत नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो.)

जुलै २०२१ मध्ये उंबरमाळी स्टेशनात पाणी फलाटापर्यंत चढलं होतं. तेव्हा अशा पेट्यांतून कुणाकुणाचे हक्क भिजले, याचा पंचनामा झाल्याचं ऐकिवात नाही.

मी आजींना म्हटलं, हा तुकडा मला द्या, जपून ठेवतो.

"मग पेटीत खाली काय घालू?"

पिशवीतला त्या दिवशीचा पेपर दिला. आजींनी सगळी पानं उलटून पाहिली, पुढाऱ्यांच्या रंगीत फोटोंची बाजूला काढली आणि जाहीर नोटिसांचं पान तेवढं निवडून पेटीत घातलं. म्हणाल्या, "रंगीत पानाचा डाग पडतो लुगड्याला. हे बरं, बारीक अक्षराचं." मग दात नाहीत तरी हसत त्यांनी कात्री मागितली.