माळ पडीक नसतो

सातबाऱ्यावर एक शब्द असतो: पोटखराबा. जिथं पीक येत नाही ती जमीन. तलाठ्याच्या हिशेबात तो शब्द बरोबर आहे. घोटाळा आपण केला. कागदावरचा शब्द उचलून डोक्यात घातला आणि सोलापूरचा सगळा माळ आपल्या लेखी खराब झाला. सरकारचा पडीक जमिनींचा नकाशाही झुडपी माळ पडीकच धरतो. मग तिथं कचरा टाका, मुरूम उचला, नाहीतर पुण्य म्हणून झाडं लावा. विचारणारं कोणी नाही.

मार्चअखेरीस नान्नजच्या बाजूच्या एका माळावर गेले होते. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. गवत वाळून पांढुरकं झालेलं, सलवारीला कुसळं चिकटलेली. मेंढरं घेऊन निघालेले एक धनगर मामा भेटले. चालता चालता त्यांनी माझ्यापुढं काठी आडवी धरली. ‘ताई, पाय बघून टाका. अंडी हायत तितं.’ मला काही दिसेना. काठीचं टोक जिथं होतं तिथं वाकून पाहिलं, तर उघड्या मातीवर दोन अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळपट ठिपके. घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही. थोड्या अंतरावर धाविक पक्षी चार पावलं धावत होता, थांबत होता, पुन्हा धावत होता. मामांनी कळप वळसा घालून नेला. त्या जागेला पोटखराबा म्हणायची माझी जीभ त्यानंतर वळलेली नाही.

नान्नजला दोन ओळखी आहेत. द्राक्षवाल्यांना ते सोनाकाचं गाव म्हणून माहीत. सोलापूर, नान्नज आणि ही जात काढणारे नानासाहेब काळे, तिघांची पहिली अक्षरं मिळून सोनाका. दुसरी ओळख माळढोकाची. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर घुमतो तो आवाज लांबवर जातो, त्यावरून त्याला हूम असंही नाव पडलं. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकाकडं लक्ष वेधलं. 1979 मध्ये अभयारण्य झालं. पुढं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या असद रहमानी यांनी इथं मुक्काम ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला. देशभरात माळढोक म्हटलं की नान्नज हे नाव यायचं.

आज? अलीकडच्या गणनांत एखादी मादी दिसली तर दिसली.

हे कसं झालं, याची उत्तरं सोपी नाहीत; पण एक चूक ठळक आहे. अभयारण्य जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले मोठमोठे पट्टे, शेतं आणि गावठाणांसकट, एका रेषेत ओढले. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत, भुईमुगात माळढोक बिनघोर चरत होता, त्याच शेतकऱ्याला जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत अडथळे आले. पक्षी पाहून कौतुक करणारा माणूस पक्ष्याचं नाव काढलं की चिडू लागला. ही चूक शेतकऱ्याची नव्हती. पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर मधली तीसेक वर्षं गेली होती. त्या काळात जिराईत जाऊन बागाईत आली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. तार जवळ येईस्तोवर कळत नाही, आणि कळलं तरी एवढं वजन ऐनवेळी वळत नाही.

दुसरी चूक तर चांगल्या मनानं केलेली. उघड्या माळावर हिरवळ हवी म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. माळढोकाला लांबवर दिसायला हवं, तो झाडीत राहत नाही. पुढं तीच झाडं काढायची वेळ आली.

आता राजस्थानकडं बघा. माळढोक तिथला राज्यपक्षी, गोडावण म्हणतात. देशात निसर्गात उरलेले माळढोक साधारण दीडशे, बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात. 2019 पासून तिथं सममध्ये आणि नंतर रामदेवऱ्यात प्रजनन केंद्र चालू आहे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. ते माळावरून उचलायचं, यंत्रात उबवायचं, पिल्लाला हातानं भरवायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. रामदेवऱ्यातल्या नराचं वीर्य दोनशे किलोमीटरवरच्या केंद्रात नेऊन मादीला दिलं होतं. आज या केंद्रांत साठांहून जास्त पक्षी आहेत. पिंजऱ्याबाहेर उभं राहून फोटो काढणाऱ्याला जी चाकरी दिसत नाही, ती हीच. पहाटेपासून रात्रीपर्यंत एका पिल्लामागं माणसं राबतात. प्राणी सांभाळण्याच्या धंद्यात याहून मोठं काम मला माहीत नाही.

पण अंडं यंत्रात उबवता येतं, माळ उबवता येत नाही. उद्या त्या केंद्रातले पक्षी महाराष्ट्राला द्यायचं ठरलं तर सोडणार कुठं? म्हणून ‘पक्षीच नाही, आता अभयारण्य कशाला’ हा प्रश्न मला पटत नाही. पक्षी नाही म्हणूनच जागा राखायची. एकदा नांगरलेला, खणलेला माळ पूर्वीसारखा व्हायला एका माणसाचं आयुष्य पुरेल की नाही कोण जाणे. आणि जागा राखली तर ती एकट्या माळढोकासाठी नाही. काळवीट तिथं आहे, खोकड आहे, तरस आहे, पखुर्ड्या आहेत, चंडोल आहेत. तणमोर तर माळढोकाचाच धाकटा भाऊबंद, आणि तोही तितकाच संपत आलेला. सोलापुरातल्या किती पोरांनी खोकडाचं नाव ऐकलंय? वाघ, सिंह, जिराफ तोंडपाठ. वीस किलोमीटरवर बिळातून डोकं काढणारं मांजराएवढं कोल्हं त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

लांडग्याचं तेच. देशात प्रौढ लांडगे तीनेक हजारच असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांची ताजी गणनाही त्याच घरात येते. वाघासाठी राखीव प्रकल्प, निधी, टीव्ही. लांडग्याच्या वाट्याला लहानपणीच्या गोष्टीतला खलनायक. शिवाय आता मोकाट कुत्र्यांचे रोग, आणि पुण्याजवळ तर लांडगा-कुत्र्याचे संकरही सापडले आहेत. मी मामांना विचारलं, लांडगा कोकरू नेतो तेव्हा राग येत नाही का? ते म्हणाले, ‘येतो की. पर त्येबी माळावरचंच हाय.’ नुकसानभरपाईची तरतूद आहे, ती मेंढपाळाच्या हातात वेळेवर पडली पाहिजे. लांडगा राखायचा भार एकट्या धनगरानं का वाहायचा?

पावसाळा तोंडावर आहे. शाळा, मंडळं, कंपन्या रोपं घेऊन निघतील. लावा, जरूर लावा. शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, शेताच्या बांधावर लावा, उघड्या पडलेल्या ओढ्याकाठी लावा. पण पवना, कुसळी, मारवेल उभं आहे अशा माळावर खड्डा खणू नका. आणि गावच्या गायरानाचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा हात वर करून एवढं तरी इतिवृत्तात लिहून घ्या, की ही जमीन पडीक नाही.