ताकदीची सुई

राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर हयात घालवलेले नाना निवृत्त झाले आणि उसाच्या गाड्या सोडून माणसं तोलू लागले. कुणाचा चेहरा जरा उतरलेला दिसला की निकाल तयार : "बी-बारा कमी दिसतंय. ताकदीची सुई घे."

जो डॉक्टर टोचत नाही तो नानांच्या लेखी शिकाऊ. याच जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. नानांना ते पटत नाही. "हात धुवा, पाणी उकळा! यात टोचलं कुठं?"

बी-बाराच्या अँप्युल गडद काचेत नि खोक्यात येतात, कारण त्या औषधाला उजेड सोसत नाही. पण पाहुण्यांना तो तांबडा रंग दिसायला नको? नाना खोकं फेकून अँप्युल खिडकीत ओळीने मांडतात, भर उन्हात. सून मेडिकलमध्ये कामाला. ती म्हणाली, "नाना, उजेडापासून लांब ठेवा, असं लिहिलंय त्यावर."

"उन्हानं कस वाढतो, पोरी. पापड तू काय कपाटात वाळवतेस?"

जास्तीचं बी-बारा लघवीवाटे निघून तरी जातं. 'ड' जीवनसत्त्व तसं नाही. ते अंगात साठतं आणि अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर येतं. त्याची एक सुई ६ लाख युनिटची असते हे कळल्यावर नाना हरखले. लाखाच्या घरातली इतकी स्वस्त वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. तपासणी न करता दुसरी घ्यायला निघाले, तेव्हा सुनेने चपला लपवल्या.

नानींचं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गार चांगलं तर बर्फ त्याहून चांगला, असा हिशेब करून नानांनी ते फ्रीजरमध्ये कुल्फीशेजारी कोंबलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामातून गेलेलं असतं. सुनेने ते फेकलं, तेव्हा नाना रागाने जेवले नाहीत म्हणे. कुल्फी मात्र संपलेली होती.

परवा पुण्याहून भाचा आला. डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायचं पेन लिहून दिलंय : आठवड्यातून एकदा, कातडीखाली, डोस हळूहळू वाढवत. नानांनी चष्मा चढवून ती केसाएवढी सुई न्याहाळली.

"दुखतं का रे?"

"छे मामा, कळतसुद्धा नाही."

नानांनी पेन परत त्याच्या हातात ठेवलं. "फसवलं तुला."