गव्हाच्या जोरावर न्यूरबुर्गरिंग

घरात रेसिंग सिम्युलेटर उभारायचा तर ऐपतीप्रमाणे तीन मार्ग आहेत. पैसेवाले ॲल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा आणि डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग मागवतात. मधले लोक घडीचा लोखंडी स्टँड घेतात. उरलेले सुताराला बोलावतात.

सुतार येण्याआधी मी जेवणाच्या टेबलावर भागवत होतो. माझ्या सेकंडहँड लॉजिटेक जी२७ मध्ये दोन मोटरी आहेत. गाडी घसरली की त्या स्टिअरिंगला हिसका देतात. हाच तो फोर्स फीडबॅक. त्यातला निम्मा मला मिळायचा, निम्मा आमटीच्या पातेल्याला. त्यात खुर्ची चाकांची. ब्रेक दाबला की पडद्यावरची फेरारी थांबायची आणि मी मागे फ्रिजपर्यंत जायचो. न्यूटनला यात नवल वाटलं नसतं. आईला वाटलं.

खरी मेख ब्रेकचीच. रेसच्या गाडीत पेडल किती खाली गेलं यापेक्षा जोर किती लावला हे महत्त्वाचं. फॉर्म्युला वनचे चालक शंभर किलोहून अधिक लावतात. महागड्या पेडलांत हा जोर मोजायला लोडसेल असतो. माझ्या पेडलला फक्त आपण किती सरकलो एवढंच कळतं. यावर जगभरच्या काटकसरी मंडळींचा तोडगा म्हणजे ब्रेकच्या स्प्रिंगपाशी स्क्वॉशचा चेंडू कोंबणं. तो कोंबला. ब्रेक असा कडक झाला, की आता पेडलऐवजी टेबल सरकू लागलं.

मग सुतार. भंगारातून आणलेली मारुती ८०० ची सीट त्याने आदराने न्याहाळली, अठरा एमएमच्या प्लायचा हिशेब केला आणि विचारलं, "खाली कप्पे किती देऊ?"

"कप्पे नकोत. रेसिंगची गाडी आहे."

"साहेब, एवढी जागा फुकट घालवायची?"

घरातल्या दोन्ही बायकांनी त्याच्या बाजूने मत दिलं.

गेममधला जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक लेसरने मोजून बनवलाय. डांबराचा एकेक उंचवटा जागच्या जागी. आमचा सिंहगड रस्ता असा मोजला, तर ते माप पुढच्या पावसाळ्यापर्यंतच खरं राहील. डोळा ते पडदा हे अंतर भरलं की गेम नजरेचा खरा कोन काढून देतो. माझ्या छोट्या मॉनिटरवर तो इतका अरुंद येतो की शेजारची गाडी दिसतच नाही. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला यात वेगळं काही जाणवत नाही.

दुपारी आई त्या सीटवर पाठ टेकून मेथी निवडते. तिच्या मते घरात बसण्यासारखी तेवढी एकच जागा आहे.

आणि कप्प्यांत? पन्नास किलो गहू. ॲल्युमिनियमवाले सांगाडा हलू नये म्हणून हजारो रुपये घालवतात. माझा कॉकपिट लोकवन गव्हाने जमिनीला धरून ठेवलाय. फक्त दळणं होत जातात तसा तो हलका होतो, ब्रेकला मागे सरकतो आणि माझी लॅपची वेळ वाढत जाते. त्यामुळे आता गहू संपत आल्याचं घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात येतं, आणि पोतं आणायलाही मलाच पाठवतात.